आजारानंतरचा श्वास

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठीत 'बरा' हा शब्द मोठा सावध शब्द आहे. जे उत्तम नाही आणि वाईटही नाही, ते बरे. आजारातून उठलेल्या माणसालाही हाच शब्द लावण्याची रीत पूर्वीपासून पडली आहे, आणि ती विचारपूर्वक पडली असावी असे वाटण्याजोगे आहे. माणूस बरा झाला म्हणजे तो पूर्ववत झाला, असा दावा जुनी मराठी करीत नव्हती. ताप कमी झाला की 'उतार पडला' म्हणत. तोंडाला चव आली की 'गुण आला'. रोगी भिंतीचा आधार घेत ओसरीवर येऊन बसला की 'अंथरुणातून उठला'. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी गालफडे भरू लागली, म्हणजे त्याने 'अंग धरले'. या प्रत्येक शब्दप्रयोगाच्या मध्ये कित्येक दिवसांचे, कधी महिन्यांचे अंतर असे, आणि ते अंतर घरातल्या सर्वांना ठाऊक असे. मऊ भात, मुगाचे कढण, संध्याकाळी अंगणातल्या चार फेऱ्या, ज्यांना परवडे त्यांना हवापालट, हे सारे त्या मधल्या काळासाठी होते. विषमज्वरातून उठलेल्या मुलाला महिनाभर शाळेत न पाठविणारे आईबाप त्या काळी लाडावणारे समजले जात नसत.

रुग्णालयाच्या नोंदवहीत हा मधला काळ नसतो. तेथे दाखल, घरी सोडले आणि मृत असे तीनच रकाने असतात. २०२० पासून आलेल्या करोनाच्या साथीने या तीन रकान्यांची सवय साऱ्या समाजाला लावली. वर्तमानपत्रांत रोज सकाळी आकडे येत: नवे बाधित इतके, मृत्यू इतके, बरे झालेले इतके. बरे झालेल्यांचा आकडा सर्वांत मोठा असे आणि तो वाचून दिलासा मिळे. त्या आकड्यातल्या माणसांपैकी काहींना पुढे सहा महिने, वर्षभर, काहींना त्याहूनही अधिक काळ जिना चढताना मध्येच थांबावे लागले, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात आली नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तो चौथा, न आखलेला रकाना हा आहे. तो पाहावयाचा तो सुरतेच्या एका उपनगरात, कारण श्वास आणि पोट यांचा संबंध तेथे फार उघडपणे दिसतो.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, किंवा १९०७ चे काँग्रेसचे फुटलेले अधिवेशन. पण सुरतेशी मराठी माणसाचा रोजचा संबंध आहे तो पोटाचा. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून रेल्वे गेली, आणि नंदुरबार, अमळनेर, जळगाव या बाजूचा खानदेशी माणूस सुरतेच्या अंगणात आला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत अहिराणी आणि मराठी अजूनही ऐकू येते. मागावर, रंगाईत, भरतकामाच्या यंत्रावर ही माणसे उभी असतात. कतारगाम हे त्या मानाने सौराष्ट्रातून आलेल्या पटेलांचे. शहराच्या उत्तर अंगाला, तापीच्या काठाशी असलेले हे एके काळचे खेडे. सुरतेच्या उंधियूत जी पापडी पडते ती कतारगामची असावी असा तेथील जुन्या खवय्यांचा आग्रह असे. पापडीची ती वावरे गेली आणि त्यांवर हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि औद्योगिक वसाहत उभी राहिली. अमरेली, भावनगर या जिल्ह्यांतून आलेले तरुण तेथे 'रत्नकलाकार' झाले. हा शब्द मोठा देखणा आहे. मजुरी मात्र बहुतेकांना नगावर मिळते.

हिरा घासण्याच्या फिरत्या चाकाला तेथे 'घंटी' म्हणतात. एका घंटीभोवती चार माणसे बसतात, डोके पुढे झुकवून, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर. खोली बंद असते. हिऱ्याची कणीएवढी वस्तू वाऱ्याच्या झोताने उडून जाऊ नये, हा त्यामागचा साधा हिशेब. श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणूला यापेक्षा सोयीची बैठक एखाद्याने ठरवून आखली असती तरी साधली नसती. २२ मार्च २०२० रोजी गुजरातेतील करोनाचा पहिला बळी सुरतेतच गेला. टाळेबंदी उठून जूनमध्ये कारखाने उघडले आणि काही आठवड्यांतच कतारगाम हा महानगरपालिकेच्या विभागांपैकी सर्वाधिक चिंतेचा विभाग ठरला. जुलैच्या पूर्वार्धात कारखाने पुन्हा काही दिवस बंद करावे लागले. उघडताना एका घंटीवर चारांऐवजी दोघांनीच बसावे अशी अट आली. पुष्कळ कारागीर मिळेल त्या बसने गावी निघून गेले. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा सुरतेच्या स्मशानांतील गॅसदाहिन्या अहोरात्र चालून त्यांच्या लोखंडी चौकटी वितळल्याच्या बातम्या देशभर वाचल्या गेल्या. हे सर्व लोकांच्या स्मरणात आहे. स्मरणात राहिली नाही ती त्यानंतरची गोष्ट.

ती समजण्यासाठी फुप्फुसाची रचना थोडी पाहिली पाहिजे. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी सूक्ष्म फुग्यांचे घोस लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात आणि त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरात असते. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या घराएवढी जागा व्यापतील. वायुकोशाची भिंत आणि तिला बिलगलेली रक्ताची केशवाहिनी यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. प्राणवायू या पडद्यातून पलीकडे जातो. वायुकोश आतून एका पातळ, साबणासारख्या द्रवाने माखलेले असतात; तो द्रव नसता तर श्वास सोडताच ते मिटून चिकटले असते. हा द्रव तयार करणाऱ्या पेशीच वायुकोशाची डागडुजीही करतात. करोनाचा विषाणू शरीरात शिरतो तो ज्या द्वारांनी, त्यांपैकी एक द्वार नेमके याच पेशींवर आहे. म्हणजे चोराने घरफोडी केली ती थेट गवंड्याच्याच घरी.

विषाणू फार दिवस राहत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला बहुधा दोन-तीन आठवड्यांत हुसकावते आणि तपासणीचा अहवाल निर्दोष येतो. पण त्या चकमकीत वायुकोशांत द्रव साचलेला असतो, भिंती सुजलेल्या असतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झालेल्या असतात. डागडुजी सुरू होते ती यानंतर. ती नीट झाली तर जुनी भिंत जशीच्या तशी उभी राहते. घाईची किंवा बेसुमार झाली तर जेथे झिरझिरीत पडदा हवा तेथे चिवट तंतूंचा थर बसतो. त्वचेवरच्या जखमेचा वण असतो तसाच हा आतला वण. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात आणि तो शब्द आता घराघरांत माहीत झाला आहे. वण पडलेले फुप्फुस ताठर होते. ते पुरते फुगत नाही, आणि जेवढे फुगते तेवढ्यातूनही प्राणवायू रक्तात सावकाश जातो. बसल्या जागी हे कळत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर सत्त्याण्णव दिसते. तोच माणूस सहा मिनिटे भरभर चालला की आकडा नव्वदीपर्यंत उतरतो, आणि त्याला वाक्य पुरे करता येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्यांत उगीच भय पसरेल. ज्यांना ही लागण सौम्य झाली, त्यांच्यातील बहुसंख्यांची फुप्फुसे काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरली. ज्यांना प्राणवायू लावावा लागला, अतिदक्षता विभागात राहावे लागले, त्यांच्यातही पहिल्या वर्षात पुष्कळ सुधारणा होते. २००३ च्या सार्सच्या साथीत आजारी पडलेल्या बीजिंगमधील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा २०१८ पर्यंत, पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांत असे आढळले की फुप्फुसातील बहुतेक डाग पहिल्या वर्षातच ओसरले. पण जे त्या वर्षानंतर उरले ते पुढे फारसे हलले नाहीत. भारतापुरते बोलावयाचे तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी पहिल्या लाटेतील २०७ रुग्णांची तपासणी केली आणि २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजारानंतर सरासरी दोन महिन्यांनी शंभरातील ४४ जणांची फुप्फुसे रक्ताला प्राणवायू देण्यात कमी पडत होती, आणि ३५ जणांची पुरेशी फुगत नव्हती. त्या तपासणीत सौम्य आजार झालेलेही होते. पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा भारतीयांची अवस्था अधिक खालावलेली दिसली. आपल्याकडची धुळीची हवा, चुलीचा धूर, पूर्वी होऊन गेलेला क्षय, मधुमेह यांची बेरीज करूनच हे वाचले पाहिजे.

एप्रिल २०२१ मध्ये 'स्कोअर किती?' हा प्रश्न सुरतेपासून नागपूरपर्यंत नातेवाईक एकमेकांना विचारीत होते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. परीक्षेच्या गुणांची सवय असलेल्या समाजाने हा हिशेब चटकन आत्मसात केला. परंतु तो स्कोअर आजार ऐन भरात असताना फुप्फुसाचा किती भाग सुजला आहे एवढेच सांगतो. त्यातला किती भाग पुढे मोकळा होईल आणि किती ठिकाणी वण राहील हे तो सांगत नाही. ते तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. तीन महिन्यांनी दुसरे चित्र काढण्यास फार थोडे लोक गेले. पैसे संपले होते हे एक कारण. आणि 'निगेटिव्ह' असा कागद हातात असताना पुन्हा रांगेत कोण उभे राहणार!

निर्दोष अहवालानंतरही फुप्फुसे साथ सोडू शकतात, हे त्या दोन वर्षांत काही परिचित नावांमुळे लोकांपुढे आले. गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम् यांचा अहवाल सप्टेंबर २०२० च्या आरंभी निर्दोष आला आणि २५ सप्टेंबरला ते गेले. राजकोटचे वकील आणि राज्यसभा सदस्य अभय भारद्वाज लागण झाल्यानंतर तीन महिने झुंजले, त्यांना चेन्नईला हलविले गेले आणि १ डिसेंबर २०२० रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. केशुभाई पटेल सप्टेंबरात करोनातून उठले आणि २९ ऑक्टोबरला श्वासाचा त्रास होऊन निवर्तले. अर्थात वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी एकट्या फुप्फुसांना दोष देता येत नाही. मराठी माणसाला चटका लावून गेले ते राजीव सातव. हिंगोलीचा हा नेता गुजरातेतील आपल्या पक्षाचा प्रभारी होता. एप्रिल २०२१ मध्ये लागण झाली, विषाणू गेला, आणि दुबळ्या झालेल्या देहात दुसऱ्याच एका विषाणूने प्रवेश केला. १६ मे २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४६.

याच्या उलट बाजूचे उदाहरण खुद्द सुरतेत घडले. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील एक भूलतज्ज्ञ स्वतः करोनाने आजारी होऊन प्राणवायूवर होते. शेजारच्या वृद्ध रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालण्याची घटका आली आणि तेथे ते काम तत्काळ करणारे कोणी नव्हते. त्यांनी स्वतःची प्राणवायूची नळी काढली, उठून ते काम केले, आणि मग स्वतः अत्यवस्थ झाले. पुढे त्यांनाही विमानाने चेन्नईला न्यावे लागले. कित्येक आठवड्यांच्या उपचारांनंतर ते घरी परतले. गेल्यातच जमा झालेली फुप्फुसे पुरेसा वेळ आणि पुरेसा आधार मिळाला तर परत येऊ शकतात. पण तो वेळ आणि आधार दोन्ही फार महाग असतात.

आता पुन्हा कतारगामच्या घंटीकडे. हिरे घासणाऱ्याचे काम बसून करावयाचे. वण पडलेल्या फुप्फुसाचा माणूस तेथे बसला तर आठवडाभर कोणाच्या लक्षातही येणार नाही. लक्षात येते ते कारखान्याच्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना. सौराष्ट्राकडचा माणूस म्हणतो, 'हांफ चढे छे'. खानदेशातला म्हणतो, 'दम लागतो'. दोघेही मजल्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभे राहतात आणि मोबाइल पाहण्याचा बहाणा करतात. धाप लागते हे मुकादमाला दिसले तर घंटीवरची जागा दुसऱ्याला जाईल, ही भीती. खोलीत तास दोन तास डोके झुकवून बसल्यावर छाती आखडते, खोकला येतो. खोकला आला की हात हलतो, आणि हात हलला की हिऱ्याचा पैलू चुकतो. नगावर मजुरी असलेल्या माणसाच्या श्वासाची घट अशी थेट त्याच्या मजुरीतून वजा होते. मागावर किंवा भरतकामाच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला लपविण्याची सोयही नाही. बारा तासांची पाळी, दोन यंत्रांमधली अखंड येरझार आणि कापडाच्या तागांचे ओझे. तो एक तर काम सोडतो किंवा पाळी बदलून मागतो, आणि गावी फोनवर सांगतो की सर्व ठीक आहे.

या कारागिरांतील फार मोठ्या संख्येचे नाव कोणत्याही कायमच्या हजेरीपटावर नाही. आजारपणाची रजा हा शब्द त्यांच्या व्यवहारात नाही. २०२२ नंतर हिऱ्यांच्या बाजारात मंदी आली तेव्हा ज्यांचे काम प्रथम गेले त्यांत मंदावलेले हात अधिक असणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

व्यवसायाची धूळ आणि आजाराचा वण यांचे नाते नवे नाही. १९८० च्या दशकात बेल्जियममध्ये हिरे घासणाऱ्या काही कारागिरांच्या फुप्फुसांत असाच ताठरपणा आढळला; त्यांच्या घासण्याच्या चकत्यांत कोबाल्ट हा धातू होता आणि त्याची भुकटी श्वासातून आत जात होती. गुजरातेतच खंभातला अकीक घासणाऱ्यांची कहाणी त्याहून जुनी आणि त्याहून करुण आहे. दगडाच्या धुळीने त्यांच्या पिढ्या खोकून संपल्या. विषाणू ज्या फुप्फुसात शिरतो ते कोऱ्या पाटीसारखे क्वचितच असते. त्यावर धंद्याने आधीच काही लिहिलेले असते.

साथींच्या इतिहासाकडे पाहिले तर असे दिसते की मृतांची मोजदाद कशीबशी होते, मागे उरलेल्या दुबळ्यांची होत नाही. १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ मराठी मुलखात 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. जूनमध्ये ती मुंबईत उतरली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने कहर केला. एकट्या मुंबई इलाख्यात, आणि सुरत त्यातच होती, दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. तरुण माणसे अधिक गेली. वाचलेल्यांच्या छातीचे काय झाले याची नोंद इलाख्याच्या अहवालांपेक्षा घरोघरच्या बोलण्यात अधिक राहिली: 'मानमोडीतून उठला पण तसाच राहिला.' या 'तसाच' शब्दात वैद्यकाचे एक प्रकरण दडले आहे.

सुरतेला याहून जवळची आठवण आहे ती सप्टेंबर १९९४ च्या प्लेगची. महापूर ओसरून गेला होता आणि वेडरोडच्या, म्हणजे कतारगामला लागून असलेल्या वस्तीत तापाने व रक्ताच्या थुंकीने माणसे पटापट मरू लागली. त्यांत महाराष्ट्रातून आलेले मजूर बरेच होते. पन्नासहून अधिक बळी गेले आणि लक्षावधी लोक चार-पाच दिवसांत शहर सोडून पळाले. त्यांपैकी कित्येक खानदेशच्याच गाड्यांत चढले. तो जंतूचा आजार, विषाणूचा नव्हे. टेट्रासायक्लिनने तो आटोक्यात आला. पण त्यानंतर जे झाले ते येथे प्रस्तुत आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि देशातले एक अत्यंत घाण शहर दोन वर्षांत देशातले अत्यंत स्वच्छ शहर म्हणून नावाजले गेले. कचरा दिसतो, उंदीर दिसतो, तुंबलेले गटार दिसते. म्हणून ते साफ करता आले. आणि करून दाखविले, हे सुरतेचे निर्विवाद श्रेय. फुप्फुसातला वण मात्र रस्त्यावर पडलेला नसतो.

औषधे नव्हती त्या काळी फुप्फुसांच्या रोग्याला निदान वेळ तरी दिला जात असे. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वानलेसवाडीला दुसरे होते. मोकळी हवा, नेमस्त आहार, मोजून चालणे, एवढ्या भांडवलावर महिनेच्या महिने क्षयाचे रोगी तेथे राहत. स्ट्रेप्टोमायसिन आले आणि या आरोग्यधामांची गरज संपली असे सर्वांनी मानले, ते क्षयापुरते ठीकही होते. गंमत अशी की विषाणूनंतर ताठरलेल्या फुप्फुसांसाठी आजचे तज्ज्ञ जे सुचवितात ते पुष्कळसे त्याच जातीचे आहे. हळूहळू वाढवीत नेलेले चालणे, श्वासाचे व्यायाम, पुरेसे प्रथिनयुक्त अन्न, धुरापासून दूर राहणे. निळ्या रंगाच्या तीन गोळ्यांचे ते प्लास्टिकचे यंत्र, ज्यात श्वास ओढून गोळ्या वर न्यावयाच्या असतात, करोनाच्या काळात शेकडो घरांत आले आणि आता पोटमाळ्यावर पडले असेल. ते यंत्र स्वस्त होते. त्यासोबत रोज अर्धा तास देणारा श्वसनोपचारक मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने २०२० मध्येच कोविडोत्तर रुग्णांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग उघडला होता. केंद्र शासनानेही १३ सप्टेंबर २०२० रोजी आजारानंतरच्या काळजीची नियमावली काढली आणि २०२१ मध्ये तज्ज्ञांसाठी विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कागद होते. कतारगामच्या कारागिराला तपासणीसाठी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागत होती, एवढाच काय तो अडसर.

दुसऱ्या टोकाला औषधांची उधळण झाली. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिससाठी असलेली महागडी औषधे करोनातून उठलेल्यांना महिनोन्‌महिने लिहून दिली गेली. त्यांनी करोनानंतरचे वण सरसकट नाहीसे होतात असा भक्कम पुरावा नव्हता. कित्येकांचा वण काळाने आपोआप विरला आणि श्रेय गोळीला मिळाले. त्याउलट जो खोकला खरोखर तपासून पाहावयास हवा होता तो 'करोनाचाच असेल' म्हणून सोडून दिला गेला. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन ही क्षयाचीही लक्षणे असू शकतात, आणि थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. एकाएकी वाढलेली धाप ही फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. सभासदांपैकी कोणाच्या घरी असे कोणी असेल तर त्याला साध्या दोन तपासण्यांसाठी न्यावे: यंत्रात जोराने फुंकण्याची एक, आणि सहा मिनिटे चालवून आधी व नंतर प्राणवायू मोजण्याची दुसरी. दुसरीला तर लांब व्हरांडा आणि घड्याळ, एवढेच सामान लागते.

राहता राहिला रकान्यांचा प्रश्न. करोनाने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना पन्नास हजार रुपये देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मान्य केला. कोणता मृत्यू करोनाचा धरावा हे ठरविणारी सूत्रे त्याआधी सप्टेंबरात निघाली होती. तपासणीत लागण आढळल्यापासून तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो घरी का होईना, करोनाचा. त्याच दाखल्यावर रुग्णालयात सलग राहून तीस दिवसांनंतर झालेला, तोही करोनाचा. ही सूत्रे पूर्वीच्या मानाने उदार होती हे मान्य केले पाहिजे. त्यांच्यामुळेच गुजरातेत अधिकृत मृत्युसंख्येच्या कितीतरी पट कुटुंबांना ती रक्कम मिळाली. पण विसाव्या दिवशी 'बरा' म्हणून घरी आलेला, गावी गेलेला, उशीला टेकून रात्र रात्र बसून काढणारा आणि पन्नासाव्या दिवशी श्वास पुरेनासा होऊन गेलेला माणूस या व्याख्येत सहज बसत नव्हता. त्यासाठी जिल्ह्याच्या समितीपुढे अर्ज करावयाचा, मृत्यूचे कारण लिहून देणारा डॉक्टर शोधावयाचा, रुग्णालयाचे कागद जोडावयाचे. ते कागद बहुधा सुरतेत राहिलेले असत, आणि विधवा अमरेलीच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या खेड्यात.

आणि जो मेला नाही, नुसताच 'तसाच' राहिला, त्याच्यासाठी अर्जाचा नमुनाच छापला गेला नाही. तो आज चाळिशीत आहे. कतारगामच्या कारखान्यात तळमजल्यावर जागा मिळाली तर तो अजूनही घंटीवर बसतो.